न्युरेम्बर्गमध्ये मी पाडलेला ठराव

जर्मनीहून परतलेली माणसं चॉकलेटं आणतात, फ्रिजवर चिकटवायचे किल्ले आणतात. मी तिथं एक ठराव पाडून आलो. तोही सख्ख्या जावयानं मांडलेला. आमच्या स्टाफरूममध्ये ही बातमी माझ्या आधी पोचली होती, कारण बायको पोस्टात आहे आणि पोस्टातल्या माणसांना पत्र लिहावं लागत नाही. तेव्हा तुकड्यातुकड्यांनी ऐकण्यापेक्षा एकदा सगळं माझ्याकडूनच ऐका.

मी कोल्हापूरचा. हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर, वय सत्तावन्न. ज्या पेठेत जन्मलो तिथं पोराला चालता येण्याआधी कुठल्या संघाला शिट्ट्या मारायच्या ते समजतं. फुटबॉलचं म्हणतोय मी. एक शहर, त्यात पेठांच्या तालमी, प्रत्येक तालमीचा संघ, आणि प्रत्येक संघाला वाटतं की बाकीचे उगाच आहेत. माझी पत्नी सुलभा पलीकडच्या पेठेतली. लग्न ठरवताना पत्रिका जुळली, पेठ जुळली नाही. तेहतीस वर्षं आम्ही एकाच स्कूटरवरून मैदानावर जातो आणि गेटपाशी वेगळे होतो. ती तिच्या लोकांत बसते, मी माझ्या. येताना ज्याचा संघ हरला तो मागं बसतो. गेल्या तीन हंगामांत स्कूटर बहुतेक तीच चालवत आली आहे. त्यावर मला इथं काही बोलायचं नाही.

न्युरेम्बर्ग, पहिले दिवस

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मृण्मयीकडं गेलो. ती आमची एकुलती एक. जावई अजिंक्यराव पुण्याचे. मी ते मान्य केलेलं आहे. जर्मनीत आखन नावाच्या गावी शिकायला गेले, मग न्युरेम्बर्गजवळ नोकरी लागली, मग घर, मग इरा. इरा आता आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. मी विचारायचं, 'काय खाल्लंस शाळेत?' ती काहीतरी ठसक्यात सांगायची आणि मी 'वा वा' म्हणायचो. दोन दिवसांनी कळलं, ती मला सांगत होती की मी केळ्याची साल चुकीच्या डब्यात टाकतो.

डब्यांचं प्रकरण मोठं आहे. कचऱ्याला चार रंगांचे डबे. तीस वर्षं पोरांना रंग शिकवणारा मी, आणि नात माझ्या मागोमाग येऊन माझा कचरा दुरुस्त करायची. रविवारी सकाळी मी खलबत्त्यात लसूण ठेचायला बसलो, तर खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. भांडायला नाही. घरात कुणी पडलंय का, मदत हवी आहे का, हे विचारायला. रविवारी आवाज करायचा नसतो हे त्यांनी इतक्या गोडीनं सांगितलं की मी पुढचा ठेचा उशीखाली ठेचावा म्हणतो.

गाव मात्र देखणं. लाल कौलं, तांबूस दगड, मधोमध पेग्निट्स नावाची नदी. आमच्या पंचगंगेच्या मानानं बारकी, पण स्वच्छ, आणि काठाला माणसं नुसती बसलेली. काही न करता बसायला ते लोक घरून सतरंजी घेऊन येतात.

शनिवार, नदीच्या अलीकडं

अजिंक्यराव रग्बी खेळतात हे फोनवर कळलं तेव्हाच मी विचारलं होतं की का. ते म्हणाले, आखनहून इथं आले तेव्हा ऑफिस ते घर आणि घर ते ऑफिस, मध्ये फक्त बस. एकदा कुणीतरी मैदानावर ओढून नेलं. पहिल्या दिवशी बरगडी दुखावली आणि आठ मित्र मिळाले. आता ते त्या क्लबचे कार्यवाह आहेत, म्हणजे सभेचा वृत्तांत लिहिणारे. पुण्याच्या माणसाला जर्मनीनं बरोबर ओळखलं.

ही रग्बीसुद्धा नेहमीची नव्हे. नेहमीच्या रग्बीत पंधरा जण असतात, हिच्यात तेरा. रग्बी लीग म्हणतात. थोडी कबड्डी, थोडी कुस्ती. बॉल घेऊन पळायचं, समोरच्यांनी पाडायचं, उठून पुन्हा पळायचं. सहाव्यांदा पाडलं की बॉल मुकाट समोरच्यांना द्यायचा. आता जर्मनीत हा खेळ माहीत असलेली माणसं मुळात एका बसमध्ये मावतील, आणि तरी एकट्या न्युरेम्बर्गमध्ये त्याचे दोन क्लब. नदीच्या अलीकडचे हिरवे, पलीकडचे निळे. अजिंक्यराव हिरवे.

वीस वर्षांपूर्वी एकच क्लब होता म्हणे. डीटर आणि रोल्फ या दोन मित्रांनी काढलेला. जर्सी हिरवी की निळी यावरून वाद झाला, वादातून इतर गोष्टी निघाल्या आणि क्लब फुटला. हे ऐकून परदेशात प्रथमच मला घरच्यासारखं वाटलं.

त्या शनिवारी या दोघांचीच मॅच होती. मैदानाला एका बाजूनं पॉप्लरच्या उंच झाडांची रांग, दुसऱ्या बाजूला क्लबची बैठी विटांची खोली, बाहेर सॉसेज भाजायची शेगडी. प्रेक्षक पस्तीसेक, त्यात दोन कुत्री. मी हिरव्यांच्या टोकाला उभा राहिलो. सुलभानं मैदानावर एकदा नजर फिरवली, पदर खोचला आणि सरळ चालत निळ्यांच्या टोकाला गेली. 'आई, तिकडं आपलं कुणी नाही,' मृण्मयी म्हणाली. सुलभा म्हणाली, 'होईल.' पाच मिनिटांत तिच्या गळ्यात निळा स्कार्फ होता.

आणि मग मी जे पाहिलं ते अजून पचलेलं नाही. हिरव्यांचे दहाच खेळाडू आले होते, निळ्यांचे बारा. तेराचा खेळ, आणि ही हजेरी. दोन्ही कर्णधार मधोमध उभे राहून बोलले आणि निळ्यांतला उवे नावाचा धिप्पाड प्लंबर आपली जर्सी काढून, हिरवी घालून, आमच्या बाजूला येऊन उभा राहिला. उसना. अकरा विरुद्ध अकरा. पुढं याच उवेनं स्वतःच्याच कर्णधाराला आडवा केला आणि दोन्हीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडं एखाद्यानं असं केलं असतं तर त्याला पेठेत दूध मिळालं नसतं.

मला राहवेना. मी घसा मोकळा केला आणि मैदानावर जे ओरडतात ते ओरडायला लागलो. जरा सभ्यच, कारण नात शेजारी होती. पंचांनी खेळ थांबवला आणि अजिंक्यरावांना विचारलं की त्या गृहस्थांना काही त्रास होतोय का.

एका माणसाला मात्र ते ओरडणं आवडलं. पंच्याहत्तरीचा, काटक, हिरवी टोपी, हात पान्यासारखे. हे डीटर. पूर्वी कारखान्यात लेथवर होते. क्लबची ती विटांची खोली त्यांनी आपल्या हातानं बांधलेली, पॉप्लरही त्यांनीच लावलेले. तिथं सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, पण पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला नुसतं डीटर म्हणायला माझी जीभ धजेना. मी त्यांना अण्णा करून टाकलं. डीटरअण्णांनी मला एका पावात बोटाएवढी तीन सॉसेजं घालून दिली, वर मोहरीची चटणी. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच वाईट, त्यामुळं आमचं झकास जमलं.

मी त्यांना कोल्हापूर सांगितलं. पेठ सांगितली, तालीम सांगितली, उसना खेळाडू घेण्यापेक्षा आठ जणांत खेळून हरलेलो ते सांगितलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहरीही तिखट होती, पण मी ते माझ्या खात्यात धरलं. मग ते आत जाऊन एक फॉर्म घेऊन आले. क्लबचं सदस्यत्व. मी म्हटलं, अण्णा, पेन द्या.

हरलो आम्ही. निळ्या स्कार्फातली बाई गाडीत पुढं बसली.

गाडीतच अजिंक्यरावांनी खरी गोष्ट सांगितली. हिरव्यांच्या मैदानाचा करार हंगामानंतर संपत होता. जागेच्या मालकाला तिथं गोदाम बांधायचं होतं. म्हणजे हिरव्यांना मैदान नाही. निळ्यांचं मैदान पक्कं, पण माणसं पुरेनात, आणि पुढच्या हंगामात तेरा जण उभे केले नाहीत तर स्पर्धेतून त्यांना काढून टाकणार. दोघांना मिळून एक क्लब केला तर जगतील, नाहीतर दोन्ही संपतील. शिवाय लहान मुलांचा संघ दोघांचा आधीपासूनच एकत्र. इरा त्यातच खेळते. निळ्यांनी त्यांच्या सभेत एकत्र यायला होकार दिला होता. हिरव्यांची सभा पुढच्या रविवारी. तिथं चारातल्या तीन मतांनी ठराव व्हायला हवा, आणि डीटरअण्णा नऊ जणांना घेऊन विरोधात बसलेले.

'आल्झो, म्हणजे असं बघा बाबा, अगदी काठावर आहे,' अजिंक्यराव म्हणाले. 'आणि तुम्ही मघाशी कशावर सही केलीत?'

'अहो, प्रेमानं पुढं केला हो त्यांनी.'

मागच्या सीटवर आमच्या लेकीनं कपाळाला हात लावला.

बुधवार, हेर्त्सोगेनआउराख

अजिंक्यरावांचं ऑफिस या गावात. एवढंसं गाव, पण बुटांच्या दोन जगप्रसिद्ध कंपन्या तिथल्याच. दोन भावांच्या भांडणातून झालेल्या, एक नदीच्या या बाजूला, एक त्या. म्हणतात की एके काळी गावातली माणसं बोलायच्या आधी समोरच्याच्या पायात कुठले बूट आहेत ते बघायची. अजिंक्यरावांनी हे मला मुद्दाम सांगितलं असावं. अशा भांडणात गाव कसं दुभंगतं ते सासऱ्यानं बघावं, हा हेतू. सासऱ्यानं बघितलं. बेकरीबाहेर बाकावर बसून लोणी लावलेला, गाठ मारल्यासारखा पाव खात अर्धा तास येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट बघितले आणि मनात म्हटलं, भांडले म्हणून तर दोन कंपन्या झाल्या.

परतताना अजिंक्यराव काही बोलले नाहीत. पुण्याची माणसं गप्प बसली की जास्त बोलतात.

रविवार, विटांच्या खोलीत

जर्मनीत क्लब म्हणजे चार टाळकी आणि एक बॉल असं नसतं. त्याला फेराइन म्हणतात. घटना असते, कलमं असतात, कार्यकारिणी असते, आणि सभेची विषयपत्रिका महिनोनमहिने आधी पोस्टानं जाते. मला वाटायचं असलं फक्त आपल्याकडच्या सोसायट्यांत. फरक एवढाच की तिथं ती कलमं लोक वाचतात.

सदस्यांची नोंद डीटरअण्णांकडं असायची; दारात तेच यादी घेऊन बसले होते. ज्याचं नाव त्याला मतदानाचं पिवळं कार्ड. माझं नाव त्यांनी यादीच्या तळाशी हातानं लिहिलेलं होतं. मला कार्ड मिळालं. इरा आणि सुलभा बाहेर बाकावर; निळ्या स्कार्फाला आत प्रवेश नव्हता आणि सुलभानं तो काढायला नकार दिला होता.

आत लाकडी बाकं, भिंतीवर जुने फोटो, कॉफीचा वास. अजिंक्यराव उभे राहून ठरावाबद्दल बोलले. मला जर्मन येत नाही, पण माणूस मनापासून बोलतोय हे कळायला भाषा लागत नाही. मग डीटरअण्णा उठले. ते फार बोलले नाहीत. भिंतीवर हात ठेवला, नुसता ठेवला, आणि दोन वाक्यं म्हणाले. शेजारच्या माणसानं मला इंग्रजीत सांगितलं: या विटा मी लावल्या, दुसऱ्याच्या घरात मी पाहुणा म्हणून जाईन, राहायला जाणार नाही.

आता मतदान. बाजूनं कार्डं वर गेली. मोजली. तीस.

विरोधात. डीटरअण्णांचं कार्ड वर गेलं, मग त्यांच्या भोवतीच्या नऊ जणांची.

मला काही समजलं नव्हतं असं मी घरी सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो. समजलं होतं. जावयाचा ठराव आहे हे माहीत होतं, नात त्यात आहे हे माहीत होतं. पण ते पिवळं कार्ड हातात, समोर एक म्हातारा आपल्या भिंतीला हात लावून उभा, आणि पलीकडच्यांत मिसळायचं की नाही असा सरळ प्रश्न. सत्तावन्न वर्षांत या प्रश्नाला माझ्या हातानं एकच उत्तर दिलेलं आहे. हात वर गेला.

अजिंक्यराव मोजत मोजत माझ्यापर्यंत आले. पेन क्षणभर थांबलं. मग शांतपणे 'एल्फ' म्हणाले. अकरा. आणि वहीत लिहिलं.

तीस विरुद्ध अकरा. एक्केचाळीसमध्ये चारातले तीन म्हणजे एकतीस लागत होते. एका मतानं ठराव पडला. डीटरअण्णांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. कुणीतरी मला बिअर आणून दिली. मी आयुष्यात प्रथमच निवडून आल्यासारखा उभा होतो आणि समोर माझा जावई माझं मत सुवाच्य अक्षरात नोंदवत होता.

घरी जेवायला बसलो. बटाट्याचं सॅलड फिरलं, काट्याचमच्यांचा आवाज झाला. अजिंक्यराव मला वाढत होते, 'बाबा, अजून थोडं?' असं विचारत होते, आणि ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. मृण्मयी ताट उचलून आत निघून गेली. सुलभा म्हणाली, 'पेठ कोल्हापुरात ठेवून यायची होती हो. सामानात नव्हती चालत.'

इरा माझ्यासमोर बसली होती. पंधरा दिवसांत त्या पोरीनं माझ्याशी मराठीत एक वाक्य बोललं नव्हतं. बहुतेक तिनं मनात ते जुळवून बघितलं असावं. मग म्हणाली, 'आबा, आता मी कुठे खेळू?'

अगदी शुद्ध बोलली.

मंगळवार, दुपारी चार

सोमवार मी कपडे इस्त्री करण्यात घालवला. सगळ्यांचे. मागितले नसतानाही. मंगळवारी चार वाजता बेल वाजली. दारात डीटरअण्णा, सायकलचं हेल्मेट डोक्यावर, काखेत जाडजूड फाईल, हातात रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा घरी केलेला केक. मला वाटलं विजयाचा केक असणार, आणि त्या घरात तो कापायचा कसा या विचारानं मला घाम फुटला.

सुलभानं चहा टाकला. अण्णा टेबलाशी बसले, हेल्मेट काढलं, फाईल उघडली आणि अजिंक्यरावांसमोर सरकवली. एका ओळीवर पेन्सिलीची खूण होती. अजिंक्यरावांनी वाचली, पुन्हा वाचली आणि मान वर केली.

त्यांनी मला सांगितलं ते असं. घटनेचं चौथं कलम: फॉर्म भरल्यानं कुणी सदस्य होत नाही. कार्यकारिणीनं अर्ज मान्य केल्यापासून सदस्यत्व सुरू होतं. माझा अर्ज कार्यकारिणीपुढं गेलाच नव्हता. म्हणजे रविवारी मी सदस्य नव्हतो. म्हणजे माझं मत बाद. उरली चाळीस मतं, त्यात बाजूनं तीस. बरोबर चारातली तीन.

ठराव मंजूर झाला होता.

अण्णा खाली बघत काहीतरी बोलले. अजिंक्यराव भाषांतर करायच्या आधी इराच पुढं झाली. एका हातात केकचा तुकडा धरून तिनं मला सांगितलं, 'ते म्हणतात, यादी त्यांची, चूक त्यांची. त्यांना एक हात हवा होता. म्हणून त्यांनी ते पान उघडलं नाही. काल उघडलं.'

मी कोल्हापूरचा माणूस. माझ्या तोंडून निघालं, 'मग गप्प बसायचं की, अण्णा. कुणाला कळलं असतं?'

अजिंक्यरावांनी माझ्याकडं असं बघितलं की ते भाषांतर करणार नाहीत हे स्पष्ट होतं. इरानं केलं. अण्णांनी ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला, एकच वाक्य बोलले.

इरा म्हणाली, 'म्हणतात, मला कळलं होतं ना.'

मी चाळीसेक माणसांच्या एका बारक्या क्लबवरचं प्रेम बघायला गेलो होतो आणि मला वाटत होतं की प्रेम म्हणजे घसा. या म्हाताऱ्यानं स्वतःचा हिरवा क्लब हातातून जाऊ दिला, कारण तो वेगळा ठेवायला त्याच क्लबचं एक कलम चिरडावं लागत होतं. मी असल्या जागी असतो तर ते पान फाडून खाल्लं असतं. केकबरोबर.

अजिंक्यराव उठून अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. 'गेनाऊ,' एवढंच म्हणाले, म्हणजे बरोबर आहे, आणि मग त्या दोघांनी कार्यकारिणीला पाठवायचं पत्र तिथंच लिहायला घेतलं. स्वल्पविरामावरून त्यांचा पंधरा मिनिटं वाद झाला. पुणं आणि जर्मनी; मी मध्ये पडलो नाही.

शनिवार, नदीच्या पलीकडं

निघायच्या आदल्या दिवशी निळ्यांच्या मैदानावर लहान मुलांची मॅच होती, बाहेरगावच्या संघाशी. मी सकाळीच डीटरअण्णांच्या घरी गेलो. म्हटलं, अण्णा, चला, मी आहे बरोबर. ते म्हणाले पाय दुखतो. मी म्हटलं माझाही दुखतो. मग दोन दुखऱ्या पायांची माणसं पुलावरून चालत निघाली. पुलाच्या मध्यावर ते थांबले, नदी बघितली, गळ्यातला हिरवा स्कार्फ नीट केला आणि पुढं निघाले. गेल्या वीस वर्षांत या पुलावरून ते फक्त निळ्यांशी मॅच असली तरच आले होते.

पलीकडं गेटपाशी रोल्फ उभे होते. निळ्यांचे अध्यक्ष, तेवढ्याच वयाचे, पोट जरा जास्त. गळाभेट वगैरे काही झाली नाही. रोल्फनी मैदानाच्या एका टोकाकडं बोट दाखवलं. तिथल्या गोलच्या खांबांना त्यांनी हिरवा रंग दिला होता, ताजा, अजून ओला. डीटरअण्णा जवळ गेले, चष्मा लावला, खांब खालपासून वरपर्यंत बघितला आणि म्हणाले की हा हिरवा आमचा नाही.

रोल्फ म्हणाले आहे. अण्णा म्हणाले नाही. दोघांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी रंगांचा मास्तर आहे हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. स्कार्फ गडद, बाटलीसारखा, खांब पोपटी. रंग साफ चुकला होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात सुलभानं मागून असा चिमटा काढला की मी म्हणालो, 'वाळला की गडद होईल.'

तीस वर्षांच्या नोकरीत केलेलं सगळ्यात खोटं विधान.

अण्णा त्या खांबाशी उभे राहिले. इरा मैदानात उतरली, अर्धी जर्सी हिरवी, अर्धी निळी. कुणाच्या तरी आईनं दोन जुन्या फाडून शिवलेल्या. तिच्या दुप्पट उंचीच्या मुलीनं तिला पाडलं, ती उठली, पुन्हा पळाली. मी ओरडलो नाही. अण्णांनीच कोपर मारून विचारलं, आज आवाज का नाही. मग मी ओरडलो. पंचांनी या वेळी खेळ थांबवला नाही. इरानं मात्र थांबून माझ्याकडं बघितलं आणि मैदानाच्या मधोमध, सगळ्यांसमोर, मराठीत म्हणाली, 'आबा, हळू.'

कोल्हापूर

येऊन अडीच महिने झाले. परवा पोस्टातून सुलभा एक जाड पाकीट घेऊन आली. दोन पत्रं. नव्या क्लबच्या कार्यकारिणीनं माझा अर्ज रीतसर मान्य केला होता. दुसरं पत्र सुलभाचं. त्या बाईनं निघायच्या दिवशी गुपचूप अर्ज भरला होता, आणि तोही मान्य. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही नवरा-बायको एकाच संघाचे.

पत्राखाली डीटरअण्णांच्या अक्षरात एक ओळ होती. ती मी अजिंक्यरावांना फोन करून वाचून घेतली. आता तुझं मत चालेल, असं लिहिलं होतं. सोबत डिसेंबरातल्या पहिल्या सभेची विषयपत्रिका. पहिला विषय: जर्सीचा रंग, हिरवा की निळा. मत प्रत्यक्ष हजर राहूनच देता येईल.

मी वर बघितलं तर सुलभा कपाटातून निळा स्कार्फ काढून झटकत होती.

तिकीटवाल्याकडं काल जाऊन आलो. नाताळच्या सुट्टीला जोडून रजा टाकायची आहे. जातानाच्या सीट वेगवेगळ्या रांगांत मागितल्या तेव्हा त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, 'सर, तुम्ही मिस्टर-मिसेस ना?'

'हो की,' मी म्हटलं, 'पण सभा अजून व्हायची आहे. येताना शेजारी-शेजारी दे. हरेल तो मधल्या सीटवर बसेल.'